मे महिन्यात नाली साफ, जुलैत पुन्हा गल्लीत पाणी: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

नागपुरात ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, राहणाऱ्या बहुतेकांना हे चक्र पाठ आहे. मे महिन्यात पावसाळी नाली साफ होते. काढलेला गाळ काठावरच पडून राहतो, मृगाच्या पहिल्या सरीत त्यातला बराचसा परत आत जातो आणि जुलैत दोन तास जोराचा पाऊस झाला की गेटपर्यंत पाणी. मग फोनाफोनी, अर्ज, पुन्हा सफाई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

सफाई करणाऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण सफाईने फक्त एकच बिघाड दुरुस्त होतो. पाणी तुंबण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कोणतं कारण तुमच्या गल्लीला लागू आहे हे ठरवल्याशिवाय अर्ज केला, तर उत्तर म्हणून सफाईच मिळणार. त्यामुळे आधी निदान. त्याला यंत्र लागत नाही, योग्य वेळी नालीकडे बघावं लागतं.

पाऊस चालू असताना काय बघायचं

पाणी ओसरल्यावर काढलेल्या फोटोतून फारसं कळत नाही. पाऊस पडत असताना गच्चीतून किंवा गेटमधून बघा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. साचलेल्या पाण्यात मात्र उतरू नका. झाकण वाहून गेलेलं चेंबर पाण्याखाली दिसत नाही, आणि विजेच्या डीपीजवळच्या पाण्यात करंट असू शकतो.

रस्त्यावर पाणी आहे पण शेजारची नाली अर्धी रिकामी आहे, असं दिसलं तर नाली निर्दोष आहे. पाणी आत शिरण्याची वाट बंद आहे. नागपुरात ही वाट बंद करणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, प्लास्टिकची पन्नी. चौकातल्या कोणत्याही जाळीवरचा कचरा काठीने उचलून बघा. खाली झाडाचा पाला, त्यावर सोनमोहोराच्या पाकळ्या आणि या दोघांना चिकटवून ठेवणाऱ्या शे-दोनशे पन्न्या. पाला एकटा असता तर कुजून निघून गेला असता, पन्नी त्याला धरून ठेवते. इथे मे महिन्यातली सफाई कामाची नाही. जोराच्या पावसाचा इशारा आला की त्या संध्याकाळी जाळी मोकळी करणं हाच उपाय. ते काम गल्लीतल्या दोन घरांनी वाटून घ्यावं, हातमोजे घालून, पाऊस यायच्या आधी.

याच लक्षणाचं दुसरं कारण सिमेंट रोड. जुन्या डांबरी रस्त्यावर सिमेंटचा थर चढला, रस्ता वितभर वर आला आणि जुनी घरं खाली राहिली. रस्त्याच्या कडेला पाणी आत जायला जी भोकं ठेवतात ती फार लांब-लांब असतात, किंवा रस्त्याच्या पातळीपेक्षा बोटभर वर. मग पाणी नालीत न जाता तुमच्या अंगणात येतं, कारण आता अंगणच सगळ्यात खाली आहे. नाली दहा वेळा साफ केली तरी यात काडीचा फरक पडणार नाही. अर्जात स्पष्ट लिहा: ‘रस्त्याच्या कडेची भोकं पातळीवर आणावीत आणि दोन भोकांमध्ये आणखी भोकं पाडावीत.’ हे काम स्वच्छता विभागाचं नाही, बांधकाम विभागाचं आहे.

नाली काठोकाठ भरली आहे पण शंभर पावलं खाली तीच नाली निवांत वाहते आहे, तर अडथळा या दोन जागांच्या मध्ये आहे. तो बहुधा कुणाच्या तरी गाडीच्या रॅम्पखाली असतो. रॅम्पखालचा भाग उघडता येत नाही म्हणून सफाईवाले तो सोडून पुढे जातात. नाहीतर एखादी पाण्याची लाइन किंवा केबलचा पाइप नालीच्या पोटातून आडवा गेलेला असतो आणि त्यावर चिंध्या, फांद्या अडकत जातात. रॅम्प पूर्ण तोडायची गरज नसते. दोन फुटांचा तुकडा कापून तिथे उचलता येणारं झाकण बसवलं की पुढे कायम साफ करता येतं. शेजाऱ्याशी हे बोलायला उन्हाळ्यातच जावं. पावसात दोघांच्याही घरात पाणी शिरलेलं असताना हे बोलणं नीट होत नाही.

आणि नाली थेट नाल्यापर्यंत भरलेली असेल तर? पाऊस थांबल्यावर घड्याळ बघा. अर्ध्या-पाऊण तासात पाणी उतरलं, तर नाली वाहते आहे पण आलेल्या पाण्याला ती अपुरी पडते. दोन-तीन दिवस तसंच उभं राहिलं, तर उतार चुकला आहे.

उतार तपासायला मिस्त्रीची नळी पुरते

प्रत्येक मिस्त्रीकडे पारदर्शक प्लास्टिकची लेव्हलची नळी असते. तीत पाणी भरून एक टोक वरच्या चेंबरपाशी आणि दुसरं खालच्या चेंबरपाशी धरा. दोन्हीकडे पाण्याची रेघ एकाच पातळीवर येते. त्या रेघेपासून नालीच्या तळापर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपने मोजा. मोजण्याआधी तळाचा गाळ बाजूला करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही गाळाचा उतार मोजाल. तीनशेला एक असा साधा उतार धरला तर तीस मीटरमध्ये खालचा तळ दहा सेंटिमीटर खोल यायला हवा. तो वरच्यापेक्षा उथळ निघाला तर पाणी तिथे राहणारच, आणि गाळही दरवर्षी नेमका तिथेच बसणार. तेवढा तुकडा पुन्हा बांधणं एवढा एकच इलाज आहे. कागदावर दोन चेंबरांची आकडेवारी आणि एक साधं रेखाचित्र जोडून दिलं, तर कनिष्ठ अभियंत्याला ते नाकारणं अवघड जातं.

नाली साफ आहे, उतारही बरोबर आहे, तरी पाणी मावत नाही

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण शहर वाढतं आहे तिथे हाच बिघाड वाढतो आहे आणि तो नालीत डोकावून दिसत नाही.

दहा एकरांचा एक ले-आउट घ्या. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर साधारण २० लाख लिटर पाणी पडतं. तिथे शेत किंवा पडीक जमीन होती तेव्हा त्यातलं फार तर तीस टक्के वाहून येत असे, म्हणजे सेकंदाला १७० लिटर. आता तिथे स्लॅब, पेव्हर ब्लॉक, सिमेंटची अंगणं आणि सिमेंट रोड आहेत. ऐंशी टक्के पाणी वाहतं, सेकंदाला ४५० लिटर. दीड फूट रुंद, दीड फूट खोल नाली तीनशेला एक उताराने बांधली तर पूर्ण भरून सेकंदाला साधारण २२० लिटर नेते. म्हणजे त्या जमिनीला नाली पुरत होती, आजच्या ले-आउटला निम्मीही पुरत नाही. त्यात तळाशी अर्धा फूट गाळ बसला की तीच नाली १३० लिटरवर येते. सफाईने मिळतो तो १३० आणि २२० मधला फरक. ४५० पर्यंतचं अंतर तसंच राहतं.

नाली रुंद करणं हा एक मार्ग आहे, पण बहुतेक गल्ल्यांत तेवढी जागा नाही. शिवाय रुंद नालीने पाणी झपाट्याने खाली ढकललं की खालची वस्ती बुडते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरने हे पाहिलं आहे. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतून थेट सीताबर्डीपर्यंत घरांत, दुकानांत शिरली. माणसं गेली. सांडव्यासमोरच्या आणि नदीपात्रातल्या बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. नदीच तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या प्रत्येक नालीचं तोंड बंद होतं आणि पाणी उलट फिरतं. त्या रात्री कोणतीही साफ नाली उपयोगाची नव्हती.

म्हणून पाणी वरच, पडतं तिथेच थोपवायला हवं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे नऊ हजार लिटरहून जास्त पाणी, एका घराचं. ते टाकीत, जुन्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात गेलं तर रस्त्यावर येत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पाऊस-पाणी साठवण-पुनर्भरण बंधनकारक आहे. तुमच्या शेजारी नवी फ्लॅट स्कीम उभी राहत असेल तर भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी पुनर्भरणाचा खड्डा प्रत्यक्ष जाऊन बघा. नकाशात तो असतोच.

शोषखड्डा करताना आपल्या मातीचा विचार करा. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी पिणं जवळजवळ बंद करते. तिच्यात खणलेला खड्डा पहिल्याच आठवड्यात डबकं होतो. काळ्या मातीचा थर पूर्ण पार करून मुरुमापर्यंत जायला हवं. खाली मोठे दगड, वर गिट्टी, त्यावर रेती, आणि रेतीचा वरचा थर दरवर्षी खरवडून बदलायचा. त्यात फक्त स्लॅबचं पाणी सोडा. रस्त्याच्या पाण्यात ऑइल, टायरची भुकटी, कुत्र्यांची घाण असते. ते भूजलात घालू नये. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी तर स्लॅबवरूनही बाहेरच काढून द्यावं. पाइपला एक साधा वाल बसवला की झालं.

मे महिन्यात नालीत पाणी वाहतं का?

भर उन्हाळ्यात, दुपारी, पावसाळी नालीचं झाकण उचलून बघा. कोरडी असायला हवी. तिच्यात राखाडी पाणी वाहत असेल, वर साबणाचा फेस असेल, कडेला काळा लिबलिबीत थर असेल, तर कुणाचं तरी गडरचं, म्हणजे संडास-मोरीच्या लाइनचं, पाणी तिच्यात येतं आहे. हा निव्वळ तुंबण्याचा प्रश्न राहत नाही. पावसाळी नाली कुठेही शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही. ती नाल्यात, नाला नाग किंवा पिवळ्या नदीत, तिथून पाणी कन्हानला, मग वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात. आपल्या ले-आउटमधल्या एका चुकीच्या जोडणीचा मैला भंडारा जिल्ह्यातल्या गावांच्या पाण्यात जाऊन मिळतो. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला वापरायला मिळतं, पण त्यासाठी ते आधी गडर लाइनमधून भांडेवाडीपर्यंत पोचायला हवं ना.

कुणाची जोडणी आहे हे भांडण न करता शोधता येतं. ज्या घरांचा संशय आहे त्यांची परवानगी घ्या, त्यांच्या संडासात आणि मोरीत खायचा लाल किंवा हिरवा रंग बादलीभर पाण्यातून टाका आणि दोघांनी दोन झाकणांपाशी उभं राहा, एकाने गडरच्या चेंबरपाशी, दुसऱ्याने पावसाळी नालीपाशी. रंग कुठे येतो ते काही मिनिटांत दिसतं. बरेचदा घरमालकालाच ठाऊक नसतं. घर बांधताना मिस्त्रीला पावसाळी नाली जवळ पडली, त्याने पाइप तिच्यात काढून दिला, मालकाने तपासलं नाही. रंग बघितल्यावर माणसं वाद घालत नाहीत, दुरुस्तीचा खर्च विचारतात.

उलटी चूकही तितकीच होते. जोराच्या पावसात गडरच्या चेंबरचं झाकण उकळी फुटल्यासारखं वर उचललं जातं, तळमजल्याच्या संडासातून पाणी उलट येतं. गडरचा पाइप घरांच्या सांडपाण्याच्या हिशोबाने टाकलेला असतो आणि लोकांनी स्लॅबचे पाइप त्याच्यात जोडलेले असतात. शंभर घरांचा पाऊस त्यात शिरला की मैला रस्त्यावर येणारच. तुमच्या घराचा पाइप कुठे जातो ते आजच स्लॅबवर बादली ओतून बघा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न वाल, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारा वाल, बसवावा. पण तो फक्त तुमचं घर वाचवतो, गल्ली नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. चेंबर तुंबलं म्हणून कुणालाही आत उतरवू नका, कितीही पैसे घेऊन तो तयार झाला तरी. आतला वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, प्रमाण वाढलं की नाकाला वासच येईनासा होतो आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जेटिंग किंवा सक्शनची गाडी मागवा, दोन दिवस थांबावं लागलं तरी.

गाळ कोणत्या रंगाचा आहे?

गाळ काढून टाकण्याआधी तो हातात घेऊन बघावा. तो कुठून आला हे तोच सांगतो. काळा, वास मारणारा असेल तर गडर. बारीक, तांबूस-पिवळा असेल तर मुरूम, म्हणजे वर कुठेतरी खोदकाम चालू आहे. पांढरट-करडा आणि घट्ट असेल तर सिमेंट.

या शेवटच्या प्रकाराकडे फार कमी लोक लक्ष देतात. आमच्या ले-आउटच्या वरच्या टोकाला एक मोठं बांधकाम चालू होतं. दरवर्षीप्रमाणे सफाई झाली, तरी नाली उथळच दिसत होती. ओळखीच्या मिस्त्रीने सब्बल मारली तर टण् असा आवाज आला. “भाऊ, हा गाळ नाही हो,” तो म्हणाला, “काँक्रीट आहे हे.” मिक्सरच्या गाड्या माल ओतून झाल्यावर तिथेच धुवायच्या आणि ते पाणी नालीत सोडायचे. प्रत्येक वेळी एक पातळ थर, आणि तळ चार बोटं वर आलेला. फावड्याने तो निघत नाही. छिन्नी-हातोडा किंवा ब्रेकरच लागतो, तेही नालीचा मूळ तळ सांभाळून. सिमेंटचं ते पाणी इतकं अल्कधर्मी असतं की पुढे तलावात किंवा नाल्यात मासे, बेडूक तग धरत नाहीत.

बांधकाम थांबवा असं कुणी म्हणत नाही. पण गेटपाशी मिक्सर आणि ट्रकचे टायर धुवायला एक खड्डा, त्यातलं पाणी निवळल्यावरच बाहेर, रेती-चुरीच्या ढिगाभोवती पोत्यांची आडवी ओळ, वर ताडपत्री आणि खोदलेल्या मातीचा ढीग नालीपासून लांब, एवढं प्रत्येक साइटवर होऊ शकतं. बांधकामाचा मलबा नालीत जाऊ न देण्याची जबाबदारी तो करणाऱ्याची आहे, हे २०१६ पासून केंद्राच्या नियमांत लिहिलेलं आहे. साइटवर जाऊन सुपरवायझरशी आधी नीट बोला. आमच्याकडे बोलून काम झालं, खड्डा खणला गेला. नाही झालं तर तारखेसह फोटो काढा: मिक्सर धुताना, नालीचं तोंड, आणि त्या साइटवरचा परवानगीचा फलक.

अर्ज करताना

‘आमच्याकडे पाणी साचते, कृपया कार्यवाही करावी’ असा अर्ज केला की नाली साफ होते आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी बिघाड लिहा. ‘अमुक घरासमोरच्या रॅम्पखाली नाली बंद आहे’, ‘या दोन चेंबरांमध्ये उतार उलटा आहे, मोजमाप सोबत’, ‘मे महिन्यात पावसाळी नालीत सांडपाणी वाहत आहे’. व्हिडिओची तारीख आणि वेळ लिहा. आधी झोन कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, मग तीच तक्रार राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाका. तुमचा ले-आउट मनपाच्या हद्दीत आहे, सुधार प्रन्यासकडे आहे की महानगर प्रदेश प्राधिकरणाकडे, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या दारात अर्ज पडला तर अख्खा पावसाळा फायली इकडून तिकडे जाण्यात निघून जातो.

सफाईची वेळही मागून घ्या. मे महिन्याच्या सुरुवातीला काढलेली नाली पावसापर्यंत पुन्हा भरते, कारण मधल्या काळात वाऱ्याने माती आणि पालापाचोळा पडतच असतो. मे अखेर बरी. आणि दुसरी सफाई ऑगस्टच्या मध्यात जरूर करून घ्या. पहिल्या दोन महिन्यांत आलेला मुरूम तेव्हा निघाला नाही तर सप्टेंबरच्या मोठ्या पावसाला नाली अर्धीच मिळते. दोन्ही वेळेला गाळ काठावर टाकू देऊ नका. तो ओला असतो म्हणून वाळायला एक-दोन दिवस ठेवतात, ते ठीक. पण नालीपासून चार-पाच फूट दूर ठेवायला सांगा, आणि तो उचलून नेणाऱ्या गाडीचा दिवस त्याच वेळी विचारून लिहून ठेवा.